नमुन्याचा हात

फोन चिवचिवला तेव्हा वृंदा गवस आपल्या कंपनीच्या पाहुण्यांसमोर उभी राहून स्वतःच्याच कामाचे गोडवे गात होती.

तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय त्यासाठी भाड्याने घेतलं होतं. व्यासपीठावर कुणाच्या तरी लग्नातली थर्माकोलची कमान अजून तशीच उभी होती आणि कमानीखाली मोठा पडदा लावला होता. समोर किनारा विमा कंपनीचे मुंबई-हैदराबादकडचे अधिकारी बसले होते. वृंदा ही या तालुक्याची जोखीम-निरीक्षक. ज्या घरात परवान्याची बंदूक आहे, त्या घराचा विमा कितपत धोक्याचा, हे बघायचं काम तिचं.

"बघा, मी सांगत होते ते आत्ताच घडतंय," असं म्हणून तिने फोनवरचा निरोप पडद्यावर टाकला. हिरव्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं उमटली. 'ठासणी. लवू गवस. निर्धोक.'

"हे माझे सासरे. या क्षणी ते इथून वीस-बावीस किलोमीटरवर, तळकोंडला, आमच्या मागच्या अंगणात बंदूक ठासताहेत. नळीचं तोंड त्यांच्या छातीकडे आहे. जगातल्या कुठल्याही यंत्राने आत्ता बोंब मारली असती. आपलं यंत्र शांत आहे."

टाळ्या पडल्या. वृंदाला बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहणार होतं आणि प्रत्येक वेळी लाज वाटणार होती.

त्या टाळ्या कशासाठी होत्या, ते सांगायला हवं. शेतीच्या राखणीसाठी बंदूक बाळगणारी घरं या डोंगरपट्टीत पुष्कळ. रानडुकरं आणि माकडं काजूबागेची वाट लावतात, म्हणून सरकार परवाना देतं. पण अपघातही वाढले. माणसाला जनावर समजून बार काढल्याच्या बातम्या दर हंगामात येऊ लागल्या. मग कायदा झाला: ज्याच्या घरात बंदूक, त्याने घराचा विमा उतरवलाच पाहिजे, आणि त्याच विम्यात बंदुकीने दुसऱ्या कुणाला इजा झाली तर भरपाईची जबाबदारीही असली पाहिजे. विमा नाही तर परवाना नाही. आणि विमा हवा असेल तर बंदुकीच्या दस्त्यावर कंपनीची पट्टी चिकटवून घ्यायची. कंपनीने तिला 'हस्तसाक्षी' असं भारदस्त नाव दिलं होतं. गावात तिला जळू म्हणत.

ही जळू म्हणजे प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा. दाबलं की त्यातून अगदी बारीकशी वीज निर्माण होते. आता, माणसाचा हात कितीही स्थिर असला तरी तो सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरत असतो. डोळ्यांना ते दिसत नाही. मज्जातंतू, स्नायू आणि हृदयाचे ठोके मिळून ही थरथर तयार होते आणि प्रत्येकाची वेगळी असते, जसा प्रत्येकाचा आवाज वेगळा. शिवाय बोट घोड्यावर जोर देण्याआधी क्षणभर हाताचे स्नायू आपोआप तयारीला लागतात, कारण मेंदू त्यांना आगाऊ कळवतो. पट्टी हे सगळं टिपते. नळी कुठे रोखली आहे तेही तिला कळतं. मग लाखो हातांच्या नोंदींवर शिकलेलं यंत्र ठरवतं की हात कुणाचा आहे आणि त्याच्या मनात काय आहे. जनावर मारायचं असेल तर हिरवा निरोप घरातल्या जबाबदार माणसाला जातो. माणूस मारायचा असेल, दुसरा किंवा स्वतः, तर लाल निरोप थेट पोलिसांना.

यंत्र शिकलं होतं परदेशात. तिकडच्या बंदुकीत काडतूस मागून घालतात. इकडच्या कितीतरी बंदुका अजून ठासणीच्या, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेल्या. दस्ता जमिनीवर टेकवायचा, नळी आपल्या अंगाशी उभी धरायची आणि तोंडातून दारू, काथ्या, छर्रे घालून वरून गजाने ठासायचं. यंत्राने पाहिलं की नळी माणसाच्या छातीशी आहे. ते बिथरलं. पहिल्याच महिन्यात पोलिसांची जीप भोंगा वाजवत विष्णू देसायांच्या अंगणात शिरली. पंचा नेसलेला म्हातारा गज हातात घेऊन बघतच राहिला. "बंदूक खाली ठेवा!" हवालदार ओरडला. "खालीच टेकली आसा ना रे," म्हातारा म्हणाला, "खाली टेकल्याशिवाय ठासतलंय कसो?" आठवड्याला अशा दहा फेऱ्या होऊ लागल्या आणि पोलीस मेटाकुटीला आले.

यावर तोडगा वृंदाने काढला. यंत्राला ठासणी शिकवायची. त्यासाठी ठासणाऱ्या हाताचा नमुना हवा होता, आणि पंचक्रोशीत बंदुकीला लवू गवसांसारखा हात दुसरा नव्हता. दोन आठवडे सासरे आणि सून मागच्या अंगणात बसले. रिकामी बंदूक, दारू नाही, छर्रे नाहीत. ती 'हं' म्हणाली की ते ठासायचे. उभ्याने, बसून, उन्हात, पावसात, दमल्यावर, चिडल्यावर. "घाटावरची सून आणलंय ती माझो हातच कंपनीक इकूक निघाली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. वृंदा गडहिंग्लजची, म्हणून ही थट्टा. लग्नानंतर पहिल्यांदा या घरात कुणी तिची थट्टा केली ती त्यांनीच, आणि पहिल्यांदा तिला हे घर आपलं वाटलं तेही त्यांच्यामुळेच. त्या दोन आठवड्यांनंतर सगळ्या तालुक्याचे हात लवू गवसांच्या हाताशी ताडून बघितले जाऊ लागले. पोलिसांच्या फेऱ्या थांबल्या.

फोन दुसऱ्यांदा चिवचिवला. पडद्यावर पुन्हा हिरवा पट्टा. 'ठासणी. लवू गवस. निर्धोक.'

"सासरेबुवा भलतेच हौशी दिसतात," पुढच्या रांगेतले एक साहेब म्हणाले. सगळे हसले. वृंदाही हसली, आणि हसता हसता थांबली.

मधला बार कुठे गेला?

एकदा ठासलेली बंदूक बार काढल्याशिवाय पुन्हा ठासता येत नाही. नळी भरलेली असते. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. मग बाबा नळी छातीशी धरून करताहेत काय? मागच्या आठवड्यातही अशीच चिवचिव दोन-तीनदा झाली होती आणि ती खूश झाली होती. बाबा सावरले, पुन्हा बागेकडे लक्ष द्यायला लागले, असं तिने नवऱ्याला हौसेने सांगितलं होतं. बाराचा निरोप एकदाही आला नव्हता आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. यंत्राच्या तरी कसं येणार? तिने त्याला शिकवलं तेव्हा दोन आठवडे बाबा रिकामी बंदूक ठासत होते, एकामागून एक, मध्ये बार न काढता. यंत्राच्या लेखी निर्धोक ठासणी म्हणजे नेमकं हेच. लवू गवसांचा हात, छातीशी नळी, आणि बार नाही.

"एक मिनिट हं," असं कसंबसं म्हणून ती बाहेर पळाली.

बाबांचा फोन वाजून वाजून बंद झाला. दयानंद, तिचा नवरा, गोव्यात औषधांच्या कारखान्यात. तिथे आत जाताना फोन पेटीत ठेवावे लागतात. तिने कंपनीच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या घराचं सगळं हिरवं दिसतंय," तिकडची बाई म्हणाली.

"हिरवं चुकीचं आहे. मी निरीक्षक सांगतेय ना, लाल करा आणि पोलीस पाठवा."

"नमुन्याचा हात लाल होत नाही मॅडम. त्याच्यावरून तर बाकीचे हात मोजतो आपण."

"अहो, माझे सासरे जीव देतील!"

"मी वर कळवते," बाई म्हणाली. तिचा आवाज खरोखर घाबरलेला होता. "पण हिरव्यावर गाडी निघत नाही, मॅडम. तुम्ही थेट पोलिसांना सांगितलंत तरी ते आधी मलाच विचारतील."

आता उरलं एकच घर. दगडी गडग्यापलीकडचं. तळकोंडला गवसांचं घर गावापासून सुटं, बागेत. हाकेच्या अंतरावर फक्त पुनाजी घाडी. आणि पुनाजीशी बोलायला वृंदाला, बाबांना, त्या घरातल्या प्रत्येकाला मनाई होती.

सात महिन्यांपूर्वी, काजूच्या दिवसांत, संध्याकाळी बाबांनी बागेत बार काढला होता. झुडपामागे जनावर नव्हतं. काजूचे बोंडू गोळा करायला वाकलेला पुनाजी होता. चौथीपर्यंत दोघे एका बाकावर बसलेले. एकाच्या घरी मासे आले की दुसऱ्याच्या घरी कालवण जायचं. पुनाजीचा डावा डोळा गेला. पट्टीच्या नोंदी तपासून यंत्राने निकाल दिला: हात स्थिर, रोख जनावराच्या उंचीचा, नेमबाजाची चूक नगण्य. त्या निकालाच्या जोरावर पोलिसांनी दोन महिन्यांत बंदूक परत केली. कंपनीने भरपाई अडवून धरली. पुनाजी न सांगता बागेत शिरला, चूक त्याची, असा दावा लावला. आणि विम्यातलं कलम बाबांना वाचून दाखवलं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत घरातल्या कोणीही जखमी माणसाशी बोलायचं नाही, चूक कबूल करायची नाही. केली तर संरक्षण रद्द, आणि भरपाई घर विकून.

ते कलम बाबांना वाचून दाखवणारी वृंदाच होती.

"हात माझो स्थिरच हुतो," बाबा तेव्हा एकदा म्हणाले होते. "डोळ्यांचा कोण इचारता?" आणि ती म्हणाली होती, "बाबा, हे वाक्य पुन्हा कुणासमोर काढू नका." मग एका सकाळी ते नारळ आणि साखरेची पुडी घेऊन गडग्याकडे निघाले, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. "बाबा, घर जाईल." ते मुकाट परतले. त्या दिवसापासून त्यांची थट्टा बंद झाली. वय झालं, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

तिच्या कामाच्या फोनवरचा प्रत्येक शब्द कंपनीकडे साठवला जायचा. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पुनाजीचा नंबर लावला.

फोन त्याच्या बायकोने उचलला. "कोण?"

"सुलोचनाकाकी, मी वृंदा. गवसांची."

काकी म्हणाल्या, "सात म्हयने झाले. माणूस मेलो काय जगलो ता इचारूक गडगो चढूक नाय तुमी. आणि आता फोन?"

"काकी, तुम्ही म्हणाल ते खरं. मला नंतर हवं तेवढं बोला. पुनाकाका आहेत का? बाबांच्या हातात बंदूक आहे. नुसते ठासताहेत. बार काढत नाहीत. काकी, मला भीती वाटतेय हो."

मागून पुनाजीचा आवाज आला, "कोण गो ता?" आणि फोन बंद झाला.

त्यांनी ठेवला की तुटला, ते कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावला तर कुणी उचलेना. वृंदा गाडीत बसली.

गाडी कंपनीची होती, विजेवर चालणारी आणि अर्थातच कंपनीनेच विमा उतरवलेली. स्टिअरिंगचं चाक धरलेल्या तळहातांवरून ती चालवणाऱ्याची नाडी बघायची. गावाबाहेर पडते न पडते तोच गाडी गोड आवाजात म्हणाली, "आपली नाडी जलद आहे. सुरक्षिततेसाठी वेग कमी करत आहे."

"नको करूस!" वृंदा ओरडली. त्याने नाडी आणखी वाढली आणि गाडी आणखी हळू झाली. मागून दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. तिने डोळ्यांतलं पाणी पुसलं, दीर्घ श्वास घेतला, मनातल्या मनात दोन आकडी पाढे म्हणायला सुरुवात केली. सतराच्या पाढ्याला गाडीने थोडा वेग घेतला.

फोन चिवचिवला. 'ठासणी. निर्धोक.'

म्हणजे बाबा आहेत. निदान आत्तापर्यंत आहेत. त्यानंतर ती त्या चिवचिवाटाची वाट बघू लागली आणि त्याच चिवचिवाटाने दचकू लागली. आवाज झाला की काळजाचं पाणी व्हायचं, आणि झाला नाही की त्याहून वाईट. नदीवरचा पूल आला. तिथून पुढे फोन गप्प झाला. घाटाचा चढ लागला तरी गप्पच. तिने तो हलवून बघितला. रेंज होती.

तळकोंडच्या वळणावर बार ऐकू आला.

डोंगरात तो आवाज फिरत राहतो, कुठून आला ते कळत नाही, पण वृंदाला कळायचं काही बाकी नव्हतं. गाडीने तिची नाडी पाहिली, दिवे लुकलुकवले आणि शहाण्यासारखी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. "कृपया विश्रांती घ्या." शेजारच्या सीटवर फोन किंचाळायला लागला. हा आवाज तिने दुसऱ्यांच्या घरांसाठी कितीदा ऐकला होता. फोनकडे बघायचं धाडस तिला होईना. शेवटी बघितलं.

'बार. अनोळखी हात. धोका अति. पोलीस रवाना.'

अनोळखी हात. तिने ते दोन शब्द पुनःपुन्हा वाचले. मग फोन घेऊन, चप्पल तिथेच टाकून, ती चढावरून धावत सुटली. बागेतली आडवाट तिने कधी धावत पार केली नव्हती. काट्यांनी पोटऱ्या ओरबाडल्या. दारूचा जळका वास तिला घर दिसायच्या आधी आला.

मागच्या अंगणात बाबा पायरीवर बसले होते. जिवंत. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. शेजारी सुलोचनाकाकी त्यांचं मनगट घट्ट धरून बसल्या होत्या आणि शिव्या देत होत्या. "अक्कल खंय इकलंस? सांग, खंय इकलंस?" नारळाच्या आळ्याजवळ पुनाजी उभा होता. डाव्या डोळ्यावर काळी चकती, आणि हातात बंदूक, नळी आभाळाकडे. नळीतून अजून धूर येत होता.

"आज भरलेली हुती," वृंदाला बघून तो म्हणाला. "खरी दारू. घटकाभर समजावलंय, तेवा हातातसून काढून घेतलंय खरी, पण भरलेली बंदूक घरात ठेवची कशी? वर आभाळात मोकळी केलंय." "आजून थोडो उशीर केलंय असतंय तर..."

वृंदा बाबांच्या पायांशी मातीत बसली आणि लहान मुलीसारखी हमसून रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थंडगार होता. "तू रडा नको गो," ते म्हणाले. "तुझी चूक नाय. माका कोणाकडेच बोलाक वाट ऱ्हवली नाय."

फोन वाजला. कंपनीचे वकील बर्वे.

"गवस मॅडम, कुणाला लागलं का?"

"नाही. कुणाला नाही."

"छान. नियंत्रण कक्षाने मला सगळं सांगितलंय. तुम्ही केलेला फोनही मी ऐकला. भावनेच्या भरात माणूस करतो, ते आपण सांभाळून घेऊ. आता नीट ऐका. पोलीस वीस मिनिटांत येतील. पट्टी सांगते की बंदूक अनोळखी हातात होती आणि बार निघाला. तो हात घाडींचा आहे, बरोबर? मग असं बघा. ज्याचा डोळा गेला, तो माणूस राग मनात धरून तुमच्या आवारात शिरला, त्याने बंदूक हिसकावली आणि बार काढला. यंत्राचा पुरावा आहे. तुम्ही फक्त नाही म्हणू नका. त्याचा दावा उद्याच निकालात निघतो. तुमचं घर वाचतं, नोकरी वाचते."

वृंदाने पुनाजीकडे बघितलं. तो बंदुकीचा दस्ता आपल्या सदऱ्याने पुसत होता, घाम लागला म्हणून.

"आणि पुनाकाका?" तिने विचारलं.

"त्यांचं ते बघतील. विचार करा. घर तुमचं आहे."

तिने विचार केला नाही असं नाही. घर तिच्यासमोरच उभं होतं: दयानंदने पगारातून घातलेली कौलं, तिने लावलेली अबोली, मागची पडवी. तिला भीती वाटत होती आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, ती गप्प राहिली. बाबांनी ते गप्प राहणं ऐकलं.

"कोण? वकील काय?" ते म्हणाले. "स्पीकरार टाक."

"बाबा, तुम्ही काही बोललात तर घर..."

"टाक गो."

तिने फोन स्पीकरवर टाकला आणि पायरीवर ठेवला. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून खांद्यावर घेतला आणि देवळात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायला माणूस उभा राहतो तसे हात जोडून, फोनकडे न बघता, समोर बागेकडे तोंड करून बोलायला लागले.

"बा म्हाराजा, मी लवू सोनू गवस, आज ह्या जाग्यार उभो ऱ्हवान सांगतंय. माझ्या डोळ्यांवर चार म्हयने धुका हुता. परवानो जायत म्हणान ता मी कोणाक सांगूक नाय. त्या सांजेक झुडपात पाला हललो. माका जनावर दिसूक नाय, माणूस दिसूक नाय. दिसला नाय तरी मी घोडो ओढलंय. पुनाजीचो डोळो माझ्या हातान गेलो. चूक यंत्राची नाय, पुनाजीची नाय. माझी आसा, म्हाराजा."

देवळातल्या गाऱ्हाण्याला भोवती उभी असलेली माणसं एक उत्तर देतात. ते दिल्याशिवाय बोललेलं देवाला पोचत नाही असं मानतात. पुनाजीने बंदूक हळूच नारळाला टेकवून ठेवली.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

सुलोचनाकाकींनी पदर तोंडाला लावला. बाबांचे खांदे हलायला लागले. पुनाजी पुढे आला आणि त्याने त्यांना धरून पुन्हा पायरीवर बसवलं, म्हाताऱ्या माणसाला बसवतात तसं, जपून, आणि स्वतःही त्यांच्या शेजारी बसला.

"गवस मॅडम," फोनमधून बर्वे म्हणाले, "हे शेवटी कोण बोललं? काय म्हणाले ते?"

"जखमी माणूस बोलला," वृंदा म्हणाली. "त्यांनी ऐकलं, असं म्हणाले."

बर्वे माणूस वाईट नसावा. "हे बघा, रेंज खराब होती, मला नीट ऐकू आलं नाही, असं मी धरू शकतो. पण तुम्ही कंपनीच्या निरीक्षक आहात. तुम्ही स्वतः हे विधान ऐकलं, असं मी नोंदवलं, तर घर जाईल. तुमची नोकरीही. शेवटचं विचारतो. नोंदवू?"

खालून, वळणापाशी, पोलिसांच्या जीपचा भोंगा ऐकू यायला लागला होता. महिनाअखेरीला आपण सगळी कुठे असू, दयानंदला काय सांगायचं, वृंदाला काहीच सुचत नव्हतं. ती अजूनही घाबरलेली होती. पण दुपारभर जी भीती तिच्या मानगुटीवर बसली होती ती ही नव्हती. ही घराची भीती होती, पैशांची, चार लोकांत मान खाली जाण्याची. ही भीती घेऊन माणूस जेवू शकतो, झोपू शकतो, सकाळी उठून कामाला लागू शकतो.

"नोंदवा," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.